मिठाच्या काचेतून पाहिलेलं इन्शुलिन

देवासच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या शेवटच्या खोलीत, निळ्या प्लास्टिकच्या कव्हरखाली जे आहे ते झेरॉक्सचं मशीन नाही. ते मी आहे. माझं नाव इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर. नाव इतकं भारदस्त आहे की कुणी ते सांगू लागलं, तर ऐकणारा ते पूर्ण होईपर्यंत निघून गेलेला असतो. म्हणून आज माझं मीच सांगतो.

माझा जन्म परदेशातला. तरुणपण गेलं पीथमपूरच्या एका औषध कंपनीत. पिशवीवर जे नाव लिहिलंय तीच पावडर आत आहे का, एवढंच मला विचारलं जायचं आणि मी हो किंवा नाही म्हणायचो. कंपनी माझ्यावर चालते अशी माझी समजूत होती. एके दिवशी माझ्या निम्म्या आकाराचं नवं मशीन आलं आणि मला टेम्पोत चढवलं गेलं. कंपनी त्यानंतरही चालूच राहिली.

देवासला मात्र थाटात स्वागत झालं. कॉलेजचे प्राचार्य प्रतापराव यांनी मला हार घातला, माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला आणि मला भिंतीला लावून दिलं. हार माझ्यावरच सुकला. मला चालवायचं कसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शिवाय मी नाजूक. माझ्या आत एक काच आहे, ती मिठाची. पावसाळ्यात लोकांचे पापड सादळतात, तसा मी सादळतो. म्हणून माझ्या खोलीला एसी मिळाला. एसी आल्यावर माझी विचारपूस वाढली. मे महिन्यात तर अर्थशास्त्राचे प्राध्यापकसुद्धा माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसत. माझ्याविषयी आदर वाटून येतात असं मी बरेच दिवस समजत होतो.

मग धारच्या उर्वी सरमंडल मॅडम शिकवायला आल्या. घराणं जुनं, बोलणं जुन्या वळणाचं, आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर. त्यांनी मला उघडलं, आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या, दिवा बदलला आणि म्हणाल्या, "हे मेलेलं नाही. नुसतं दमट झालंय." माझ्या स्वभावाचं इतकं अचूक वर्णन त्याआधी कुणी केलं नव्हतं.

मी करतो काय, तेही सांगायला हवं. माझ्या माथ्यावर मोहरीएवढा हिरा बसवलेला आहे. त्यावर थेंब ठेवायचा आणि वाळू द्यायचा. मी खालून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो. त्याने रेणूंचे सांधे थरथरतात, प्रत्येक सांधा आपापल्या चालीने, आणि त्या थरथरीची रेघ मी पडद्यावर काढतो. प्रथिनं म्हणजे लांबच लांब साखळ्या. त्या कशा वळल्यात, त्यावर त्यांचं काम ठरतं. साखळी गोल जिन्यासारखी वळत गेलेली असेल, तर माझ्या रेघेचं शिखर एका जागी येतं. तीच साखळी उलगडली आणि इस्त्रीच्या कपड्यांसारखी थरांनी चिकटून बसली, तर शिखर उजवीकडे सरकतं. मला दिसतं ते एवढंच. आणि हवेतली वाफ नेमकी त्याच जागी लुडबुडते. त्यामुळे माझ्याजवळ उभं राहून कुणी मोठा उसासा टाकला, तरी मला नवीन प्रथिन सापडल्याचा भास होतो. मॅडमचं पहिलं वर्ष माझ्या अशा शोधांना आवर घालण्यात गेलं.

एम.एस्सी.ची अंजू माझ्याकडे आली ती अंड्याचा बलक नव्हे, पांढरा भाग घेऊन. उष्णतेने प्रथिनांचा आकार कसा बिघडतो, हा तिचा विषय. ती धामनोदची, इथे होस्टेलवर राहायची. तिचे पूर्वज धारच्या फौजेबरोबर घोडे सांभाळत आले. वडील तुकाराम ट्रक सांभाळतात. तिची माझ्याशी वागणूक चांगली होती. थेंब ठेवण्याआधी ती हिरा पुसायची आणि नंतर श्वास रोखून लांब उभी राहायची.

त्या उन्हाळ्यात ती सारखी फोनवर असे. तुकारामांना मधुमेह होता, रोज इन्शुलिन घ्यायचे, आणि तरी साखर उतरत नव्हती. डॉक्टर डोस वाढवत होते. घरात सगळ्यांचं एकच मत पडलं, की हे रस्त्यात ढाब्यावर गोड खातात आणि घरी येऊन खोटं बोलतात. अंजूची आई, इंदूबाई, त्यांच्या शर्टाचे खिसे तपासू लागली होती. तुकाराम शपथा घेत होते. जितक्या शपथा घेतल्या, तितका संशय वाढला.

एकदा माझ्यासमोरच अंजूचा आवाज चढला. "बाबा, तुम्ही खोटं का बोलता? डॉक्टर काय पागल आहेत का?"

पलीकडे उभ्या ट्रकच्या इंजिनाचा आवाज येत होता. मग तुकाराम म्हणाले, "तू पण, बेटा?" आणि फोन बंद झाला.

ती स्टुलावर बसून राहिली. माझ्यावर थेंब तसाच वाळत होता.

काही दिवसांनी तुकाराम माल भरायला देवासला आले, तेव्हा अंजू त्यांना भेटायला बायपासवर गेली. तिथे काय झालं ते तिने दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं, म्हणून मला कळलं. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी इन्शुलिनची बाटली काढली ती गिअरच्या बाजूच्या पेटीतून. खाली इंजिन. बाटली फुटू नये म्हणून रुमालात नीट गुंडाळलेली होती, आणि हाताला चांगलीच गरम लागत होती. घरी ती फ्रिजमध्ये असायची, पण तुकाराम घरी असायचेच किती? महिन्याचे बहुतेक दिवस ती बाटली इंजिनावर शेकत आणि रस्त्याचे धक्के खात फिरत होती.

अंजूने ती काढून घेतली. वडिलांना मेडिकलवर नेऊन नवी बाटली घेऊन दिली, बर्फाचा थर्मास दिला आणि सकाळपासून हीच वापरा असं बजावलं. नव्या बाटलीतला थोडासा भाग तिने सिरिंजमध्ये तपासायला ठेवून घेतला. तुकारामांनी सगळं मान्य केलं. पोरगी रागावलेली नाही, एवढ्यानेच त्यांना बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडताच दोन्ही नमुने माझ्यापुढे आले. या प्रकारचं इन्शुलिन मुळातच दुधाळ असतं, त्यामुळे डोळ्यांना जुनं आणि नवं सारखंच दिसत होतं. आधी नव्याचा थेंब. शिखर जिथे हवं तिथे. मग जुन्याचा. शिखर सरळ उजवीकडे जाऊन बसलं. साखळ्या उलगडून एकमेकींना चिकटल्या होत्या. तुकाराम सुईने रोज जे टोचून घेत होते, त्यात औषध असं फारसं उरलंच नव्हतं.

"पुन्हा लाव," मॅडम म्हणाल्या. "याच्या शब्दावर जाऊ नकोस."

अंजूने पुन्हा लावलं. मी तेच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझी वाफ मधे आली नाही. मला तर हायकोर्टाचा न्यायाधीश झाल्यासारखं वाटायला लागलं.

"बाबा खरं बोलत होते," अंजू म्हणाली आणि डोळे पुसू लागली. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तो हात तिथेच थांबला.

"अगं, डोस केवढा वाढवला होता त्यांचा?"

"दुप्पट. नंतर आणखी थोडा."

"आणि आज सकाळी नव्या बाटलीतलं त्यांनी तेवढंच घेतलं?"

अंजूने मॅडमकडे पाहिलं. आता ते औषध खरं काम करणार होतं, आणि मेलेल्या औषधाच्या हिशेबाने घेतलेलं होतं. साखर नुसती उतरणार नव्हती, कोसळणार होती. तुकाराम त्या वेळी भरलेला ट्रक घेऊन मानपूरच्या दिशेने चालले होते. मानपूर सोडलं की घाट लागतो.

तिने फोन लावला. तुकाराम गाडी चालवताना फोन उचलत नाहीत. त्यांची ती सवय घरातल्या सगळ्यांना आवडायची. त्या दिवशी तिने पुन्हा पुन्हा लावला, आणि घंटा नुसती वाजत राहिली.

शेवटी तिला अंकित आठवला. मानपूरला, घाटाच्या अलीकडे, त्याचा ढाबा आहे आणि तुकाराम तिथे चहाला थांबतात. अंजूने त्याला घाईघाईने सगळं सांगितलं. गाडी अजून आलेली नाही, तो म्हणाला. फोन चालूच ठेवून त्याने गल्ल्यावर ठेवला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. आमच्या खोलीत त्या ढाब्याचे आवाज येत होते. भांडी, हॉर्न, कुणीतरी जास्तीची पोळी मागतंय. मॅडम उभ्या होत्या. अंजूने माझी कड घट्ट धरली होती. आणि मी, ज्याने ही सगळी भानगड उघडकीस आणली, तो पंखा फिरवत होतो. मला तेवढंच येतं.

मग ब्रेकचा आवाज आला. दार उघडलं. तुकारामांचा आवाज ऐकू आला, पण शब्द एकमेकांत अडकत होते. मला जाऊ दे, उशीर होतोय, असं काहीतरी. पुढे अंकित फोनवर आला. "चाबी मेरे पास है. तू रो मत."

त्यांचा शर्ट घामाने भिजलाय, हात थरथरतायत, असं तो सांगत होता. अंकितने त्यांना खाटेवर बसवून साखरेचं पाणी पाजलं, आणि गावातला डॉक्टर बोलावला. बऱ्याच वेळाने तुकाराम स्वतः बोलले.

"अंजू, हे लोक मला साखर पाजतायत. तुझ्या आईला सांगू नकोस."

ती हसली आणि रडली, आणि मला एवढी वाफ लागली की माझी रेघ पार वेडीवाकडी झाली.

धामनोदच्या डॉक्टरांनी डोस पुन्हा खाली आणला. साखर ताळ्यावर आली. इंदूबाईने माफी वगैरे मागितली नाही. पुढच्या खेपेला डब्यात भरली वांगी दिली आणि रस्त्यात काय खाल्लं ते विचारलं नाही. तुकारामांना तेवढं पुरलं.

पुढे एकदा ते मला बघायला आले. इथल्या टेकडीवरच्या देवळात माताजीचं दर्शन घेऊन, प्रसादाच्या पेढ्यांचा डबा घेऊन, दाराबाहेर चपला काढून. मला पाहून त्यांची थोडी निराशा झाली.

"हेच का?" त्यांनी अंजूला विचारलं. "मला वाटलं, मोठं असेल."

मलाही तसंच वाटत आलंय.

"माणसाचं खरंखोटं पण कळतं का याला?"

"नाही बाबा. फक्त आकार कळतो."

"मग ठीक आहे," तुकाराम म्हणाले आणि कौतुकाने माझ्या हिऱ्यावर बोट टेकवलं.

मी चालू होतो. पडद्यावर रेघ उमटली आणि एका जागी चांगलीच वर चढली. ती जागा साखरेची. डबा मॅडमच्या टेबलावर उघडा होता, आणि कोपऱ्यातल्या एका पेढ्याची जागा रिकामी होती. अंजूने पडद्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तिने स्पिरिटचा बोळा घेतला, हिरा स्वच्छ पुसला आणि रेघ मिटवून टाकली.

आता अंजू पीथमपूरला नोकरीत आहे. माझी मिठाची काच धुरकट होत चालली आहे. नवी मिळत नाही, मॉडेल जुनं झालं म्हणतात. मॅडम पुड्या बदलतात, मी जमेल तितकं बघतो. या पावसाळ्यात बहुधा तेही थांबेल. माझं काही म्हणणं नाही. एवढंच सांगून कव्हर ओढून घेतो, की घरातलं माणूस कळवळून म्हणालं मी काही खाल्लं नाही, तर रागावण्याआधी एकदा त्याच्या औषधाची बाटली हातात घेऊन बघा. त्याचं बोट मात्र बघू नका.