उलटा बसलेला फळा

मी एक जुना फळा आहे.

थांबा. हे वाक्य माझ्या खिडकीकडच्या तोंडाने म्हटले. भिंतीकडच्या तोंडालाही तेच म्हणायचे आहे.

मी एक जुना फळा आहे.

मित्रांनो, तुम्ही गोंधळू नका. त्या कामाला मी एकटा पुरेसा आहे. बेंगळुरूच्या उत्तरेला येलहंक्यात एक सरकारी शाळा आहे. तिच्या लांबट हॉलच्या मधोमध मी उभा असे, छताला हात लागेल इतका उंच. माझ्या एका अंगाला तीन खिडक्या होत्या. दुसऱ्या अंगाला नुसती भिंत. एका हॉलचे दोन वर्ग करायचे, म्हणून मला दोन्ही बाजूंनी काळा रंग दिला होता. इकडे पाचवी बसे, तिकडे सहावी.

मला परसू सुताराने बनवले. परसू घरात मराठी बोलत असे. त्याचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. माझ्या चौकटीला रंधा मारताना तो स्वतःशी मराठीत पुटपुटत होता, म्हणून मी तुम्हाला मराठीत सांगतो आहे. शाळा कन्नडात चालते. तिथले बोलणे मी जमेल तसे मराठीत आणले आहे.

मला उभे करताना हेडमास्तरांनी विचारले होते, "याची समोरची बाजू कुठली?"

परसू म्हणाला, "याला समोर नाही, सर. दोन्हीकडं सारखंच काम केलंय."

ते मला फार आवडले होते. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला असे वाटले होते. आता—

विमान.

माफ करा. जवळच विमानदलाचा तळ आहे. विमान गेले की शिक्षक वाक्य अर्धे सोडतात आणि खडू हातात धरून थांबतात. माझ्या दोन्ही बाजू एकाच क्षणी गप्प होतात. विमान गेल्यावर दोन्ही बाजूंना पुन्हा तोंड फुटते.

ती माझी चांगली वर्षे होती. परसू दर उन्हाळ्यात येऊन रंग देई. मुले ओल्या फडक्याने मला पुसत आणि हाताचे ठसे उठवत. मग आसपास उंच इमारती झाल्या, पिवळ्या बसच्या खासगी शाळा झाल्या, आणि आमची मुले कमी होऊ लागली. पाचवी दुसऱ्या खोलीत गेली. मला वाटले, आता मला काढणार. पण तेवढ्यात टीव्ही आला.

*

खिडकीकडून

कुठल्याशा कंपनीने शाळेला एक मोठा टीव्ही दिला. एकच. तो खिडकीच्या बाजूला लागला, कारण प्लग तिकडे होता.

भिंतीकडून

इकडे प्लग नव्हता.

दोन्हीकडून

टीव्ही आहे तिथे हुशार मुले बसवावीत, असे हेडमास्तर रघुनंदन सरांनी ठरवले. ते वाईट माणूस नाहीत. शिक्षक थोडे, सहावीला येणारी मुले एकसष्ट, आणि वरून पत्र आलेले, की पुढच्या वर्षी इथली निवडक मुले नव्या आदर्श शाळेत घेऊ, बससह. निवडक म्हणजे किती, तर साधारण निम्मी. सरांनी एप्रिलमध्ये चाळीस मार्कांची परीक्षा घेतली. वरची तीस मुले खिडकीकडे. उरलेली एकतीस भिंतीकडे.

वरून आणखी एक सूचना होती. मुलांना वाईट वाटू नये, म्हणून याद्यांवर 'अ' आणि 'ब' लिहायचे नाही. सरांनी सूचना अगदी मनापासून पाळली. सुट्टी लागल्यावर त्यांनी माझ्या दोन्ही तोंडांवर एकेक यादी डिंकाने चिकटवली. वर काहीच लिहिले नाही. नुसती नावे.

मग निवडणूक आली. आमच्या हॉलमध्ये मतदान असते. त्यासाठी मला काढून व्हरांड्यात ठेवले. मतदान झाल्यावर दोन अनोळखी माणसांनी मला उचलून आणले आणि स्क्रू पिळून पुन्हा उभे केले.

त्यांनी मला उलटा बसवला.

मला कळले का? मित्रांनो, खरे सांगतो. मला वाटले, आज उजेड वेगळ्या गालावर पडतो आहे. एवढेच.

*

शाळा उघडली. मुलांनी आपली नावे शोधली. जिथे नाव तिथे ती बसली. मोठ्यांनी लावलेल्या यादीवर कुणी शंका घेत नाही.

रघुनंदन सर तेव्हा रोज शिक्षण खात्याच्या कचेरीत जात होते. शाळा चालू ठेवायची की दुसऱ्या शाळेत मिळवायची, याचे कागद फिरत होते. वर्ग तात्पुरत्या नेमलेल्या दोन नव्या अतिथी शिक्षकांकडे होते. सरांनी दारातूनच सांगितले.

"हेमलता मिस, तुमच्याकडं खिडकीची बाजू. ही फास्ट मुलं आहेत. रोज एक पान इंग्रजी आणि टीव्हीवरचा एक धडा. अडली तरी थांबू नका, त्यांना जमतं."

"गुरुराज सर, तुमची ही स्लो आहेत. पाढे आणि शुद्धलेखन. घाई नको."

"सरी, सर," गुरुराज सर म्हणाले. कन्नडात सरी म्हणजे ठीक आहे.

हजेरीपटही दोघा शिक्षकांनी माझ्यावरच्या याद्या पाहूनच लिहिले.

खिडकीकडून

इथे हर्षिता बसली. ती अंबूबाईची नात. अंबूबाई शाळेत दुपारचे जेवण रांधते. दोघींच्या घरी मराठी, कन्नडाची फोडणी दिलेली. परीक्षेच्या दिवशी अंबूबाईला ताप होता, म्हणून हर्षिताने आधी स्वयंपाकघरात वांगी चिरली आणि अर्ध्या तासाने ती पेपरला बसली. तिचे नाव यादीत तळाशी होते, पण ती यादी खिडकीकडे होती. जूनमध्ये ती इंग्रजी शब्दाला बोट लावून वाचे. जुलैत बोट सुटले. "ही माझी फास्ट मुलगी," हेमलता मिस म्हणत. हर्षिता ते वाक्य घरी नेई, असे मला तिच्या चालण्यावरून वाटे.

भिंतीकडून

इथे प्रणीत बसला. तो परीक्षेत पहिला आला होता, पण हे त्याला कुणी सांगितले नव्हते. पहिल्या आठवड्यात विमान गेले तेव्हा त्याने हात वर केला. "सर, विमान पुढं गेलेलं असतं आणि आवाज मागून येतो. असं का?"

"आधी सतराचा पाढा," गुरुराज सर म्हणाले.

त्याने आणखी दोनदा विचारले. ऑगस्टमध्ये त्याने विचारणे सोडले. सतराचा पाढाही तो आता अडखळत म्हणू लागला.

?

मुले तीच. हॉल तोच. माझे प्लाय आतून एकच आहे. मग फास्ट आणि स्लो नेमके कुठे असते? यादीत? खिडकीत? मी रोज विचार करत असे, आणि रोज कुणीतरी ओल्या फडक्याने मला पुसून टाकत असे.

*

चूक उघडी पडली ती एका अभिनंदनाने. प्रणीतचे वडील दामोदर रिक्षा चालवतात आणि पालक समितीचे अध्यक्ष आहेत. ते सभेला आले, तेव्हा रघुनंदन सर दारातच म्हणाले, "काय दामोदर अण्णा, पोरगा पहिला आला आणि तुम्ही पेढासुद्धा दिला नाही!"

"कोण पहिला?" दामोदर म्हणाले. "तो तर भिंतीकडं बसतो."

सर हसत होते, ते थांबले. ते माझ्याजवळ आले. आधी एका बाजूने यादी वाचली, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूने. मग पुन्हा पहिल्या बाजूला गेले.

"फळा उलटा बसलाय," ते हळूच म्हणाले.

हळूच बोलल्याचा काही उपयोग झाला नाही.

"म्हणजे तीन महिने माझ्या पोराला पाढे?" दामोदर ओरडले.

"अण्णा, हळू. पोरं ऐकतात."

"ऐकू देत की! मी त्याला रोज बोललो. जेवताना बोललो. खिडकी घालवलीस म्हणून बोललो. आता घरी जाऊन त्याला काय सांगू?"

"पण सर," हेमलता मिस म्हणाल्या, "माझी मुलं स्लो नाहीत हो. तुम्हीच म्हणालात फास्ट आहेत. मग मी तसंच शिकवलं आणि ती तशीच शिकली."

"मला स्लो म्हणालात," गुरुराज सर म्हणाले. "मी सरी म्हटलं."

अंबूबाई चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "मग परत परीक्षा घ्या की."

"तुझी नात खिडकीत बसलीय म्हणून बोलतेस, अक्का," दामोदर म्हणाले.

"होय. म्हणूनच बोलते. तू काय शेजाऱ्याच्या पोरासाठी बोलतोस?"

कुणीतरी हसले. रघुनंदन सरांनी चष्मा काढून पुसला. "नवी यादी लावली तर सगळं येलहंका विचारायला येईल. यादी तीच राहू दे. परसूला बोलावतो. तो फळा तेवढा सरळ करेल. महिनाअखेर नावं वर पाठवायची आहेत."

म्हणजे काय होणार, ते साऱ्यांना कळले. मी फिरणार. प्रणीत खिडकीकडे येणार, पुढे आदर्श शाळेत जाणार. ते त्याच्या हक्काचे होते. हर्षिता भिंतीकडे जाणार. आणि ते? ते कुणाच्या हक्काचे होते?

दुसऱ्या दिवशी हर्षिता मला पुसत होती. अंबूबाई पाटीत कोथिंबीर घेऊन दारात बसली होती.

"अज्जी, फळा फिरवला की मी पण फिरणार काय?"

"कुणी सांगितलं?"

"दामोदर अण्णा केवढ्यानं ओरडत होते."

अंबूबाईने पाटीतली एक जुडी उचलली.

"मिस म्हणतात मी फास्ट आहे. सोमवारपासून नसणार?"

"ही कोथिंबीर निवड ये," अंबूबाई म्हणाली. पण जुडी तिने स्वतःच्याच हातात धरून ठेवली.

*

शनिवारी परसू आला. आता तो म्हातारा झाला आहे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने माझ्यावरून हात फिरवला आणि आठ लांब स्क्रू एकेक करून काढले.

"इकडं द्या, हरवतील," अंबूबाईने सांबारपुडीचा, म्हणजे सांबार मसाल्याचा, रिकामा डबा पुढे केला. परसूने तिच्याकडे पाहिले. मग स्क्रू डब्यात टाकले. खळ्‌ऽऽ असा आवाज झाला.

"आता उलटा फिरवून लगेच लावायचा," दारातून सर म्हणाले.

"कंबर धरलीय, सर. सोमवारी." परसूने चार मोठ्या मुलांकडून मला उचलून स्वयंपाकघरात नेले आणि भिंतीला टेकवले. जाताना तो मराठीत पुटपुटला, "तेव्हाच म्हटलं होतं, याला समोर नाही."

सोमवारी डबा सापडेना.

"अंबूबाई, स्क्रूचा डबा?"

"स्वल्प थांबा सर, बघते."

"परसू, दुसरे आण ना."

"या मापाचे आता येत नाहीत, सर. चिकपेटच्या बाजारात बघून येतो." तो चार दिवसांनी आला. म्हणाला, दुकान बंद होते.

तोवर हॉल एकच राहिला. एकसष्ट मुले, दोन शिक्षक, एक टीव्ही. मी भिंतीपलीकडून ऐकतो. मित्रांनो, तिथे सगळे छान चालले आहे असे सांगून मी शेवट गोड करणार नाही. गोंगाट फार आहे. हेमलता मिसचा आवाज बसला आहे. मागच्या मुलांना टीव्ही दिसत नाही. कधी कधी मला वाटते, मी असतो तर बरे झाले असते.

पण परवा विमान गेले. ते गेल्यावर मला एक आवाज ऐकू आला, जूनमध्ये ऐकलेला.

"सर, विमान पुढं जातं आणि आवाज मागून येतो. असं का?"

गुरुराज सरांनी या वेळी पाढा मागितला नाही.

"आवाज स्लो असतो," हर्षिता म्हणाली. "टीव्हीवर होतं."

"मग तो पोचतो कसा?"

"पोचतोच की. तू ऐकलास ना?"

*

महिनाअखेर आली. रघुनंदन सरांनी अखेर यादी पाठवली. एकसष्ट नावे, अक्षरांच्या क्रमाने. "किती घ्यायची, कोण घ्यायची, त्यांनीच ठरवावं," ते म्हणाले. दामोदर सरांशी अजून बोलत नाहीत. यादी परत येईल, असे गुरुराज सर म्हणतात. मलाही तसेच वाटते. परत आली तर प्रणीत आणि हर्षिता यांच्यापैकी कुणाचे नाव खोडायचे, ते मला कळत नाही. कुणाला कळते का?

मला इथे ठेवल्याचा आज अकरावा दिवस. सर स्वयंपाकघराच्या दारात आले. "सापडला का डबा?"

"बघते, सर," अंबूबाई म्हणाली आणि धुतलेली ताटे माझ्या आधाराने निथळत लावू लागली.

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग आत न येताच गेले.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने लोक शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला रंग द्या, कोपऱ्यात टाकू नका. मी तसे म्हणत नाही. माझी समोरची बाजू कुठली, हे मला कधी कळले नाही. पण पाठ कुठली, ते आता नक्की कळले आहे. जिच्या आणि भिंतीच्या मध्ये सांबारपुडीचा डबा आहे, ती.

एवढेच मागतो. मला इथून हलवू नका.