बुधवारची जोड

“खरं सांगू का, तुमच्या आईंना मी कधी पाहिलंच नाही,” औषधवाली म्हणाली आणि बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली. “काम मात्र पाहिलंय. काय हात होता हो!”

महिला मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही दहा-बाराजणी गोल बसलो होतो. आईसाठी शोकसभा ठेवली होती. भाषणे संपली होती, चहा फिरत होता. माझ्या पायाशी आईची कामाची पिशवी होती. तिच्या सुया आणि पुठ्ठा मंडळाला द्यावा म्हणून मी घेऊन आले होते. औषधवालीला मी ओळखत होते. आईच्या आजारपणात नाक्यावरच्या तिच्याच दुकानातून औषधे आणायची. मंडळात ती आजच पहिल्यांदा आली असावी, असे मला वाटले.

“नवीन का तुम्ही?”

“नवीन कसली! दोन वर्षं होतील. एक गुरुवार चुकवला नाही.”

“गुरुवार?” मी म्हटले. “मंडळ बुधवारी असतं ना?”

“नाही हो. मी आले तेव्हापासून गुरुवारच.”

माझ्या शेजारी बसलेली मावशी उठली. “चहा गार झाला असेल तुझा, दुसरा आणते,” म्हणाली. माझ्या कपातून वाफ निघत होती.

आई दर बुधवारी मंडळात जात होती. अंथरुणाला खिळली त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत जात होती.

ती कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. शिवलेला सदरा तिच्या हाताखालून गेल्याशिवाय खोक्यात जात नसे. निवृत्त झाल्यावर तिने आणि मावशीने मिळून ही संध्याकाळ सुरू केली. मावशी सख्खी नव्हे, समोरच्या घरातली. पण आमच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असायची आणि तिच्या घराची आमच्याकडे. मंडळात पत्ते व्हायचे, वाढदिवस व्हायचे, वर्षातून एखादी सहल निघायची. मुख्य काम मात्र क्रोशाचे. प्रत्येकीने लोकरीचे चौकोन विणून आणायचे, ते जोडून पांघरुणे करायची आणि इस्पितळातल्या लहान मुलांना द्यायची. जोडणी आईकडे. तिने चौकोनाच्या मापाचा एक पुठ्ठा कापून ठेवला होता. आलेला प्रत्येक चौकोन ती त्यावर ठेवायची आणि बोटभर कमी भरला तर चष्म्यावरून बघत विचारायची, “बाई गं, हे पोरासाठी विणलंस की पोराच्या बाहुलीसाठी?” मग दोऱ्याचे टोक शोधून सर्रकन ओढायची. बायका हसायच्या. कुणीतरी तिला पुठ्ठामास्तर म्हणायला लागले, ते तिला आवडायचे.

घरी तरी वेगळे काय होते! माझी वेणी, माझे निबंध, पुढे माझा संसारसुद्धा तिने पुठ्ठ्यावर ठेवून पाहिला. एकदा मी चिडून म्हटले, “सगळ्या जगाचं उसवत बसतेस तू.”

“जगाचं कशाला? जगाचं जग बघून घेईल,” ती म्हणाली. “ज्याला आपलं म्हटलं त्याचंच उसवायचं. परक्याला ‘छान आहे’ म्हणायचं आणि आपण वाटेला लागायचं.”

मंडळाच्या अध्यक्षबाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी घसा साफ केला. “त्याचं काय झालं, बुधवारचा हॉल मिळेना आपल्याला.”

“मग आई बुधवारी कुठे बसायची?”

कोपऱ्यातल्या बँकवालीने रिकाम्या कपात चमचा फिरवायला सुरुवात केली.

“हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “घरचं सगळं उरकून दोन घटका मन रमवायला येतो आपण. इथेही परीक्षाच म्हटल्यावर नाही जमत गं एखादीला. चांगल्या चौघी सोडून चालल्या होत्या. तोंडावर बोलून तुझ्या आईला दुखवायचं कशाला? म्हणून आपला वार बदलला.”

“आणि तिला कळवलं नाही.”

“कळवायचं मावशींनी, असं ठरलं होतं.”

किटलीपाशी मावशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

“थांबा, थांबा,” औषधवाली म्हणाली. तिचा चेहरा गोंधळून गेला होता. “मग ती जोडणी? आम्ही गुरुवारी चौकोन कपाटात ठेवायचो आणि पुढच्या गुरुवारी ते जोडलेले असायचे. चुकलेले उसवून, परत विणून. मला वाटायचं, आजींना येणं झेपत नसेल, कुणीतरी घरी नेऊन देत असेल. म्हणजे त्या इथे येऊन… एकट्याच?”

मी अध्यक्षबाईंकडे पाहिले. “तुम्हाला ठाऊक होतं.”

“आम्हाला वाटलं, तिलाही हेच बरं पडतंय,” त्या म्हणाल्या. “तिचा वेळ जात होता, आपलं काम होत होतं.”

माझे सासर परगावी. दर बुधवारी रात्री आईचा फोन यायचा आणि मंडळाचा वृत्तांत मिळायचा. पूर्वी ती एकेकीची नक्कल करायची. अध्यक्षबाईंचे “मुलींनो, शांतता!” तर इतके हुबेहूब, की माझा मुलगा मुद्दाम फोन ओढून घ्यायचा. मग कधीतरी नकला थांबल्या. “मावशीच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, मी एकटीच जाते हल्ली,” एवढे म्हणाली होती. वृत्तांत मात्र चालूच होता. बँकवालीच्या घरात काहीतरी बिनसलेय. अध्यक्षबाईंची बोटे दुखत असणार. एक नवी आलीये, हौशी आहे पण धसमुसळी. कोण कशी आहे ते सगळे असायचे. कोण काय म्हणाले ते कधीच नसायचे. रागात ओढून घेतलेला टाका, दुखऱ्या बोटांनी सैल सोडलेली ओळ, घाईत गाळलेले विणीचे घर. समोर माणूस नसताना ती त्यांच्या विणीवरून त्यांची खबरबात घेत होती, आणि फोन ठेवताना मला सांगत होती, “आज मजा आली गं.”

अध्यक्षबाईंनी कपाट उघडले. खालच्या खणात चौकोनांचा ढीग होता, आई आजारी पडल्यापासून साठलेला. “एवढं जोडून देशील? तुला येत असेल ना? शेवटचं पांघरूण आईच्या आठवणीसाठी.”

“येतं,” मी म्हटले, ढिगाला हात न लावता आईची पिशवी उचलली आणि चपला घातल्या.

दारात हॉलचा रखवालदार स्टुलावर बसला होता. मला पाहून उभा राहिला. “आजींच्या कन्या ना तुम्ही? फार चांगल्या होत्या. पहिल्या बुधवारी मीच म्हटलं, आजी, बायका तर आता उद्या येणार. तर म्हणाल्या, ठाऊक आहे रे, मला काम आहे, तू उघड.” त्याने स्टूल भिंतीशी सरकवले. “केक होता हातात. जाताना मला दिला, पोरांना ने म्हणाल्या. नंतर दर बुधवारी यायच्या. दिवा एकच लावायला सांगायच्या. एकटीला कशाला सगळे, म्हणायच्या.”

म्हणजे पहिल्या बुधवारी तिला काहीच ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर केक कुणासाठी नेला असता?

मी पायऱ्या उतरले तशी मागून हाक आली. “थांब गं, थांब जरा.” मावशी कठड्याला धरून उतरत होती. गुडघे आता खरोखरच दुखत असावेत.

“मी सांगणार होते तिला. देवाशपथ सांगणार होते. पण त्या संध्याकाळी ती पिशवी घेऊन निघाली आणि खालून हात केला मला. मी खिडकीतच होते. मग मीही केला. एकदा हात केल्यावर कसं सांगणार? पुढच्या बुधवारी परत तेच.” तिने पदराने तोंड पुसले. “तू काहीतरी बोल ना. शिव्या दे हवं तर.”

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“पण तिने मला माफ केलं होतं, एवढं मात्र नक्की,” मावशी म्हणाली. “तुला आठवतं ना, सगळ्यांत जास्त माझेच चौकोन उसवायची? वीस वेळा उसवायची, वर म्हणायची, मावशे, डोळे घरी ठेवून आलीस का? वार बदलल्यावर एकही उसवला नाही. सगळ्यांचे उसवले, माझे नाही. जसे दिले तसे, तिरपे तर तिरपे, मुकाट्याने जोडून टाकले. पांघरुणात तेवढाच भाग चुणलेला दिसायचा. ह्या सगळ्या म्हणाल्या, नजर गेली तिची. मी म्हटलं, नाही, राग गेला.”

आईची नजर गेली नव्हती. शेवटच्या आजारातही मला सुईत दोरा ओवून हवा असला की तीच ओवून द्यायची.

मावशीने स्वतःच्या पिशवीत हात घातला आणि एक चौकोन काढला. निळा. “ती आजारी असताना विणला. द्यायचा राहून गेला.” तो माझ्यापुढे धरून ती म्हणाली, “तू बघ ना. तुला तिचीच नजर आहे. पुठ्ठा आहे ना पिशवीत? ठेवून बघ.”

पायऱ्यांवरच्या दिव्याखाली मी पुठ्ठा काढला आणि त्यावर चौकोन पसरला. एक बाजू बोटभर कमी होती. कोपरा आत ओढला गेला होता. कडेला दोऱ्याचे टोक मोकळे सुटले होते. चिमटीत धरून ओढले असते तर सगळा चौकोन सर्रकन हातात आला असता. मावशी माझ्या बोटांकडे बघत होती.

“चुकलाय ना?” तिने विचारले. “उसव खुशाल. मी परत विणते. सांग ना गं.”

मी चौकोन उचलला, नीट घडी केली आणि तिच्या हातात दिला.

“छान आहे,” मी म्हटले. पुठ्ठा पिशवीत ठेवला आणि वाटेला लागले.