उत्तरेच्या वाऱ्यातला सौदा

ऑट्टो बेरेत्सला या सौद्यात जवळजवळ बारा लाख फोरिंट सुटणार होते, आणि तेही वाऱ्याच्या जिवावर. होडी त्याने भंगाराच्या भावात, तीन लाखांना उचललेली. वर रंगाचा हात, गाद्यांना नवे अभ्रे, आणि मागायचे पंधरा. बालातोन तळ्याच्या दक्षिण काठाला पाणी मुळात मांडीएवढं. पण उत्तरेचा वारा दोन दिवस धरून राहिला की अख्खं तळं या काठाकडे कलतं आणि बेरेत्सच्या धक्क्याला कमरेच्या वर पाणी चढतं. गिऱ्हाइकाला तो अशाच दिवशी बोलावी. पोटाखाली लोखंडी कणा असलेली जड होडी त्या पाण्यात हंसासारखी डुले. वारा पडला, पाणी आपल्या घरी गेलं की तीच होडी गाळात बसे. तोवर पैसे पोचलेले असत.

एमेशेला हे सगळं ठाऊक होतं. ती लहान असताना तिच्या वडिलांनी, वेन्डेल साबोंनी, याच धक्क्यावर बेरेत्सकडून अशीच होडी घेतली होती. दुसऱ्या दिवशी ती रुतली. सौदा पक्का झाल्याचा पेला, आल्दोमाश, चारचौघांत रिचवलेला. आता मागे फिरणं म्हणजे थुंकलेलं चाटणं. शहरातून आलेल्या माणसाला ती दुसरीकडे बांधायला जागाही नव्हती. रोज सकाळी बेरेत्स धक्क्यावरच्या खुर्चीतून विचारायचा, "काय कप्तान, यंदा गाळात काय पेरलंत?" आणि सगळा धक्का हसायचा. वडीलही हसायचे. मग ते यायचेच बंद झाले, आणि मरेपर्यंत घरात तळ्याचं नाव काढलेलं त्यांना खपलं नाही.

आता एमेशेला दोन मुलं होती आणि रविवारी त्यांना फिरवायला लहानशी, वापरलेली शिडाची होडी हवी होती. तशा होड्या काठाकाठाने पन्नास मिळाल्या असत्या. पण ती उत्तरेच्या वाऱ्याची वाट बघत थांबली. नवरा लोरांट गाडीत म्हणाला, "आपण होडी घ्यायला निघालोय की सूड?"

"एका खेपेत दोन्ही झालं तर पेट्रोल वाचतं," ती म्हणाली.

बेरेत्सने तिला ओळखलं नाही. तिने गाद्यांचा रंग विचारला, डोलकाठी पुसायला काय वापरता म्हणून विचारलं, मुलांना खाऊ ठेवायला कप्पा आहे का ते बघितलं. कण्याबद्दल चकार शब्द नाही. इतकं गोड गिऱ्हाईक बेरेत्सला बऱ्याच वर्षांत लाभलं नव्हतं. धक्क्याच्या दुसऱ्या अंगाला त्याची स्वतःची होडी बांधलेली होती: हलकी, पोटाखालची फळी वर ओढून घेता येणारी, चिखलावरूनही सरकेल अशी. किंमत निदान तीस लाख. तिच्याकडे एमेशेने मान वळवूनही पाहिलं नाही.

पंधरा लाख ठरले. जर्दाळूच्या दारूचे पेले भरले. धक्क्यावरचे नेहमीचे चार म्हातारे साक्षीला आणि मुख्य म्हणजे फुकटच्या पेल्याला उभे राहिले. एमेशेने पेला उचलला.

"ऑट्टोकाका, मला बाईला होड्यांतलं काय कळतंय? उद्या सकाळी दहाला मुलांना घेऊन येते. या धक्क्याला तुमची जी होडी तरंगत असेल ती माझी, भाव ठरला तोच. असं धरूनच पिऊ या."

म्हाताऱ्यांचे पेले हवेत थांबले. बेरेत्सचाही थांबला. नाही म्हणावं, तर माझी होडी उद्या तरंगणार नाही हे स्वतःच्या तोंडाने, चार साक्षीदारांपुढे सांगावं लागणार. हो म्हणावं, तर भरवसा वाऱ्यावर. त्याने आभाळ पाहिलं. वारा अजून झोंबत होता, आणि सोमवारपर्यंत टिकेल असं बातम्यांत सांगितलं होतं. शिवाय बारा लाख समोर दिसत होते.

"पी पोरी," तो म्हणाला, आणि प्याला.

वारा संध्याकाळीच पडला. पहाटे बेरेत्स आपली हलकी होडी सोडवून लपवायला आला, तर चारही म्हातारे गळ टाकून बसलेले. एवढ्या वर्षांत त्यांना मासेमारीचा असा उमाळा कधी आला नव्हता. त्यांच्यादेखत दोराला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

दहाला एमेशे आली. पंधरा लाखांची होडी गाळात एका कुशीवर कलंडली होती. तिने लोरांटला पैसे द्यायला सांगितलं आणि मुलांना घेऊन सरळ पलीकडच्या होडीत चढली.

"तू कोणाची गं?" बेरेत्सने विचारलं.

"वेन्डेल साबोंची."

पुढचं वाक्य तिने वर्षानुवर्षं घासून ठेवलेलं होतं. पण तिचं तोंड उघडायच्या आत एका म्हाताऱ्याने गळावरची नजर न काढता विचारलं, "काय ऑट्टो, यंदा काय पेरणार?" धक्का हसला. एमेशेचा घास असा ऐन वेळी दुसऱ्यानेच पळवला, आणि तिची भूक पुढेही भागली नाही.

त्या उन्हाळ्यात ती दर रविवारी शीड उभारायची आणि बेरेत्सच्या धक्क्यासमोरून जायची, वळायची, पुन्हा जायची. मुलं म्हणायची, पलीकडच्या काठाला जाऊ, तिथल्या टेकडीवर चढू. ती म्हणायची, पुढच्या रविवारी. जुलैत बेरेत्सने खुर्ची उचलून घरात नेली. ती मोकळ्या धक्क्यासमोरूनही फिरत राहिली. एकदा लोरांट म्हणाला, "अगं, तिथे आता कुणी नाही." ती म्हणाली, "खिडकी आहे." ऑगस्टमध्ये मुलगा गोष्टींचं पुस्तक घेऊन होडीत बसायला लागला आणि मुलीला रविवारी सकाळीच पोटात दुखायला लागलं.

हिशेब असा: बेरेत्सची एक होडी गेली. वेन्डेल साबोंच्या पदरात काही पडलं नाही. उरलेलं सगळं दोघा मुलांनी भरलं, एकेक रविवार करून.