शाळेतली गाजरं

शालन बाईंनी पाला मुठीत धरला, पाय रोवले आणि जोर लावून ओढला. पाला इतका अलगद सुटला की बाई मागच्या मागे मातीत बसल्या.

पाल्याखाली गाजर नव्हतं. बोटाच्या पेराएवढं केशरी बूड तेवढं होतं आणि त्यावर दातांच्या खुणा होत्या.

वाफ्याच्या कडेला केंद्रप्रमुख कमळाकर सर मोबाईल रोखून उभे होते. नको तो फोटो त्यांच्या हातून निघून गेला.

"उंदीर असेल," ते म्हणाले.

"असेल, सर." साडी झटकून बाईंनी शेजारचा पाला धरला, या वेळी जपून. तोही तसाच आला. मग त्याच्या पलीकडचा. रांगेत उभी असलेली मुलं आपापल्या पायांकडे पाहत होती.

धसईच्या पुढे वाडीतली ही चौथीपर्यंतची शाळा. दुपारच्या खिचडीत गाजर पडलं की मुलं ते वेचून ताटाच्या कडेला लावत. खिचडी शिजवणाऱ्या सकुबाई ती ताटं गोळा करताना म्हणत, "बाई, ही पोरां गाजर खायाची नाय. माझ्या कोंबड्या तेवढ्या माजल्यात." म्हणून भातकापणी उरकल्यावर बाईंनी शाळेमागे वाफा खणायला घेतला. मूल स्वतः पिकवलेलं आवडीने खातं, असं त्यांनी एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. केंद्राच्या बैठकीत बाकीचे शिक्षक हसले. इथे भात होतो, वाल होतो, गाजर कुठलं? बाई हट्टाला पेटल्या. मुलांनी नदीची रेती आणली, शेणखत घातलं, बकऱ्या हाकलल्या. हिरवा पाला तरारून वर आला तेव्हा बाईंनी बैठकीत त्याचं इतकं वर्णन केलं, की कमळाकर सर मुरबाडहून मुद्दाम पाहायला आले.

सरांनी आता वाकून एक पाला स्वतः उपटला. उलटसुलट करून पाहिला.

"बाई, उंदराने पाला परत लावून ठेवला नसता."

बाईंनी मुलांकडे पाहिलं. "कुणी खाल्ली गाजरं?"

रांग जरा मागे सरकली.

"मी रागवणार नाही. ज्यांनी खाल्ली त्यांनी हात वर करा."

आधी चौथीतल्या अक्षदाने हात वर केला. तिचा वर झाल्यावर बाकीचेही झाले. पहिलीतल्या रत्नदीपने दोन्ही केले. स्वयंपाकाच्या शेडच्या दारात उभ्या असलेल्या सकुबाईंचा पळी धरलेला हातही हळूच वर गेला.

"सकुबाई, तुम्हीसुद्धा?"

"पोरांनी आणून दिला. नाय कसा म्हणायचा?"

"आणि पाला परत लावायचा, हे कुणाचं डोकं?"

हात खाली आले. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. रत्नदीपला मात्र प्रश्न सोपा वाटला.

"तुमचाच, बाई."

बाईंचे कान तापले. मागे एका शनिवारी शाळा सुटल्यावर, एसटीला वेळ होता म्हणून, त्यांनी एक गाजर उपटून पाहिलं होतं. केवढं झालंय एवढंच पाहायचं होतं. पण ते हापशावर धुतलं गेलं आणि धुतल्यावर खाल्लंही गेलं. ओळीत मोकळी जागा दिसू नये म्हणून त्यांनी पाला पुन्हा मातीत रोवला होता. आवारात कुणी नाही, अशी त्यांची समजूत होती.

"आमी भिंतीमागं खेळत होतो," अक्षदाने खुलासा केला. "मग आमीपण तसाच केला. रोज पाणी घालतो, बाई. सुकू देत नाय."

कमळाकर सर आता बाईंकडे पाहत होते. मुलंही पाहत होती, पण त्यांच्या नजरेत तक्रार नव्हती. ती नुसती थांबली होती. बाईंनी पदर सारखा केला आणि हात वर केला.

सरांनी मोबाईल खिशात टाकला आणि ते मोटारसायकलकडे निघाले. बाई मागोमाग गेल्या.

"सर, पुढच्या वर्षी नीट लक्ष ठेवीन मी."

सरांनी गाडी चालू केली. मग पुन्हा बंद केली.

"बी कुठून आणलंत?"

"मुरबाडच्या बाजारातून."

"आमच्या घरी नातू आहे," सर टाकीवरची धूळ बोटाने पुसत म्हणाले. "ताटात गाजर दिसलं की ताट ढकलतो. सगळं करून झालं आमचं." ते जरा घुटमळले. "दारात थोडी जागा आहे. वाफा केवढा करू?"

"लहानच करा, सर," बाई म्हणाल्या. "आणि राखण करू नका."