जांभळा ठिपका

"मान सरळ ठेव व सुलभा. गजरा तुले माळू का त्या मोबाइलले?"

गोजरबाई तिच्या कानाशीच पुटपुटल्या. दातांत आकडे धरल्यामुळे शब्द अर्धे चावून बाहेर पडत होते. नवऱ्याची चुलती, त्यात वयाने मोठी. सुलभाने मान सरळ केली. डोळे मात्र मांडीवरच्या मोबाइलवरून काही हलले नाहीत.

नकाशावर हिरवा डाग होता, त्यात पिवळा, त्यात लाल आणि अगदी मधोमध वांग्याच्या रंगाचा जांभळा ठिपका. दुपारी तो चिखलीवर होता. आता खामगावच्या दिशेने, म्हणजे इकडेच, सरकू लागला होता. लेकीचं, निवेदिताचं, वऱ्हाडही चिखलीहूनच यायचं होतं. वऱ्हाड आणि वादळ एकाच रस्त्याने निघालेली. आधी कोण पोचतं तेवढंच पाहायचं होतं.

लग्न संध्याकाळचं. पिंपळगाव राजाच्या शाळेचं मैदान, त्यावर रज्जाकभाईने उभारलेला मोठा मांडव, आणि बायकांच्या नटण्याथटण्याला शाळेचा एक वर्ग. खिडकीतून सुलभाला मांडव दिसत होता. निम्म्या खुर्च्या भरल्या होत्या. पोरं खांबांभोवती शिवाशिवी खेळत होती. आणि ज्याच्या हाती मोबाइल तो पुरुष आभाळाकडे न बघता मोबाइलकडे बघत होता.

तिच्या नवऱ्याने, रमाकांतने, ढग दाखवणारी तीन-तीन अ‍ॅपं घेऊन ठेवली होती. एकात वादळ येत होतं, म्हणून त्याने दुसरं उघडलं. दुसऱ्यातही येत होतं, म्हणून तिसरं. सुलभाचा भाऊ गजेंद्र मात्र सगळ्यांत भाग्यवान. त्याच्या मोबाइलात ढग मेहकरकडे वळत होता. कुल्फीवाल्याभोवती जमावी तशी गर्दी त्याच्याभोवती जमली होती.

"पाहा, गेला मेहकरले! म्या म्हटलं नव्हतं?"

"मेहकरवाल्याइचं काय पाप बे?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे नको तितकं हसले.

मनातली गोष्ट कुणीच बोलत नव्हतं. मुहूर्तमेढ रोवली की लग्न लागून मांडवपरतणीचा विधी होईपर्यंत मांडवाचा खांब हलवायचा नाही, ही इथली रीत. तसं तोंडातून काढणंसुद्धा अशुभ. रज्जाकभाई मुसलमान, पण बापापासून याच धंद्यात. त्याला ही रीत भटजीइतकीच पाठ. पुन्हा सुलभाच्या मनात वेगळाच काटा होता. साखरपुड्यात विहीणबाई हसत हसत म्हणाल्या होत्या, "आमच्यात काही असंतसं झालं ना, तं लोकं आधी सुनेच्या पायाकडं पाह्यतात हो." सुलभाही हसली होती.

"आई."

निवेदिता पिवळा शालू सावरत जवळ आली आणि तिने मोबाइल पुढे धरला. शंतनुने, होणाऱ्या नवऱ्याने, फोटो पाठवला होता. गाडीच्या बोनेटवर गारा, बोराएवढ्या.

"त्याइचे बाबा तं फोनवर म्हणे, थोडा शिडकावा हाये!" सुलभा म्हणाली.

"अन् आपले बाबा काय सांगून राह्यले त्याइले? इकडं ऊन हाये म्हणून." निवेदिता आईच्या मोबाइलावर वाकली. "अन् हे चित्र आत्ताचं नाही, आई. खाली वेळ पाह्य ना. मघाचं हाये. ढग याच्या लय पुढं आला असंन."

दुपारपासून सगळं मैदान ढग कुठे आहे ते बघत होतं. प्रत्यक्षात दिसत होतं ते तो कुठे होता एवढंच.

ती उठली.

"अवं, गजरा!" गोजरबाई ओरडल्या. "अर्धाच माळला!"

अर्धा गजरा पाठीवर लोंबत असतानाच ती मांडवात पोचली. वारा पडला होता, पान हलत नव्हतं. दक्षिणेकडचं आभाळ शाईसारखं झालं होतं. रमाकांत आणि रज्जाकभाई एका खांबाशी उभे होते, दोघंही जमिनीकडे बघत.

"दोऱ्या अजून आवळू का, दादा?" रज्जाकभाईने विचारलं.

"आवळा. चांगल्या आवळा."

"अजून काही... सांगसान ते करू. पोरं हजर हायेत माही."

"नाही नाही. आवळा तेवढ्या."

रज्जाकभाईने सुलभाकडे पाहिलं, मग नजर वळवली. तिच्या स्वतःच्या लग्नातला मांडव त्याच्या बापाने घातला होता. दोऱ्या आवळायच्या तर माणसाला वर लोखंडी पाइपावर चढावं लागतं. कापड सोडायचं तर गाठ खालूनच ओढता येते. हे ती तेव्हापासून बघत आली होती. आता वर रज्जाकभाईचा धाकटा भाऊ अकरम होता. पायांची कैची घालून तो पाइपाला लटकला होता, अनवाणी, दातांत दोरी.

दूरवर लखकन वीज चमकली. आवाज मात्र बराच उशिरा आला.

रज्जाकभाईचा फोन वाजला. पलीकडचा बाईचा आवाज सुलभालाही ऐकू येत होता. ती अकरमची बायको सलीमा, खामगावहून. तिच्याही मोबाइलात तोच जांभळा ठिपका असणार.

"भाईजान, इथं लय गारा पडून राह्यल्या. हे वर तं नाहीत ना?"

रज्जाकभाईने वर पाहिलं. भावाच्या तळपायांकडे.

"नाही बेटा," तो म्हणाला. "खालीच हाये. चहा पिऊन राह्यला."

त्याने फोन बंद करून खिशात घातला, आणि तो परत जमिनीकडे बघू लागला. रमाकांतही. वाऱ्याची पहिली झुळूक आली. थंडगार, ओल्या मातीच्या वासाची. मांडवाचं सगळं कापड एकदाच फुगलं आणि खाली बसलं. पोरं आनंदाने किंचाळली.

गोजरबाई मागून उरलेला गजरा हातात घेऊन आल्या होत्या. सुलभाच्या चेहऱ्याकडे बघताच त्यांना कळलं. "सुलभा," त्या हळूच म्हणाल्या, "मांडवाखाली उभी हायेस व. तोंड सांभाळ."

सुलभाने एकवार वर्गाच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे निवेदिता उभी होती. पाय दिसत नव्हते तिचे.

"रज्जाकभाऊ, अकरमले आधी खाली घ्या," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. खुर्च्यांवरच्या माना वळल्या, गजेंद्रभोवतीची गर्दीसुद्धा. "अन् मांडव उतरवा."