हात खाली आला

माझ्या लेकीचं, सिंधूचं लग्न कामठीला लावलं, ते १९६८ साल. त्याच हिवाळ्यात मार्थाबाई हॉलंडहून आमच्या बँडला शिकवायला आल्या. त्या पगार घेत नव्हत्या, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात शिरत नव्हतं.

"फुकट शिकवून राहिली? काहून? घरून काढलं काय इले?" ढोलवाला चंपतराव म्हणायचा.

"तू पैसे घेऊन तरी काय वाजवतं गा?" रामाजी त्याला गप्प करायचा.

रामाजी माझा थोरला भाऊ. क्लॅरिनेट वाजवायचा. त्याची छाती खराब झाली होती. डॉक्टरांनी फुंकायचं बंद करायला सांगितलं होतं. पण तीस वर्षं वरातीत वाजवलं, कुणी कान दिला नाही. एकदा खुर्चीवर बसून, ऐकणाऱ्यांपुढे एक धून पुरी वाजवायची, एवढाच त्याचा हट्ट होता. बाईंनी सदर भागातल्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला आणि शेवटची धून त्याला दिली.

हॉलमध्ये लोक गप्प बसले होते. त्याचीच आम्हाला भीती वाटली. रामाजीने डोळे मिटून सुरुवात केली, आम्ही मागून साथ धरली. मध्येच बाईंनी दोन्ही हात हळूहळू खाली आणले.

वरातीत मास्तरचा हात असा खाली आला, की पुढे मयत झालेलं घर आहे, वाजवणं थांबवायचं. आवाज कमी करायचा असला, की तालमीत बाई तोंडाने "धीरे, धीरे" म्हणायच्या. त्या दिवशी नुसते हात आले. आम्ही अकरा जण एकदम थांबलो.

बाई गोंधळल्या. पुन्हा सुरू करा, म्हणून हात वर करू लागल्या. पण ते घर मागे पडल्याशिवाय वाजवायचं नसतं, आणि आम्ही तर खुर्च्यांवर बसलेलो. कुणीच हललं नाही.

एकट्या रामाजीचा सूर चालला होता. त्याने डोळे उघडले, क्लॅरिनेट खाली घेतली.

"कोण गेलं गा?"

"मले काय माहीत, दादा!"

"मंग पुरी करू काय?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळेना.

"कर," मी म्हणालो.

त्याने चार ओळी वाजवल्या आणि त्याला खोकला आला. लोकांना वाटलं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

रिक्षात त्याने विचारलं, "पुरी झाली काय गा?"

"झाली, दादा."

त्या चार ओळींनंतर धून किती उरली होती, मला आजही नक्की सांगता येत नाही. रामाजी १२ फेब्रुवारी १९६९ला, बुधवारी सकाळी वारला.