घोडियाची दोरी

नूतनच्या अंगावर लग्नाआधीपासूनच वजन होतं. तेव्हा कुणी काही बोललं नाही. दिवस गेले आणि प्रत्येक तपासणीला तिला काट्यावर उभं करू लागले. आया आकडा ओरडून सांगायची, वर गुजरातीत म्हणायची, "बेन, काटो तूटी जशे!" रांगेतल्या बायका हसायच्या. नूतनही हसायची. घरी आल्यावर मात्र पोटावर हात ठेवून बसून राहायची, पोर हललं की नाही ते बघत.

मुलगी झाली, धडधाकट झाली. दवाखान्यातून निघताना तीच आया म्हणाली, "झोपेत कुशीवर वळशील तर चेंगरेल हं ती!" ती गंमत होती. नूतनने ती गंमत घरी आणली.

तेव्हापासून मुलीला जवळ घेऊन ती आडवी झाली नाही. बसून पाजायची आणि लगेच घोडियात ठेवायची. शेजारच्या गुजराती बाईने दिलेला पाळणा तो, लोखंडी घोडा आणि त्यात कापडाची झोळी. ठेवल्यावर पुन्हा झोळीवर डोळे लावून बसायची. सासू-सून मुलीला लस द्यायला गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाई सासूला म्हणाल्या, "अंगाने जड बाईला या दिवसांत अशी भीती जास्त धरू शकते. मनाच्या डॉक्टरांना दाखवा. यात लाज कसली?"

सासू धुरपदाबाईने घरी येऊन डिंकाचे लाडू वळले. "खाय व पोरी, नई त दूध कसं उतरी?" नूतन खायची आणि खाल्ल्यावर रडायची. नवरा योगेंद्र म्हणाला, "येडी थोडीच शे ती? कारखान्यात सुट्टी मिळू दे, मग बघू."

दुपारी धुरपदाबाई साड्यांचे धागे कापायच्या कामाला जायची. गुजरातेत, उधन्यातल्या त्या एका खोलीत सून, नात आणि सासरा राघो उरायचे. राघो रीतीप्रमाणे उंबऱ्यावर बसायचा, तोंड गल्लीकडे, पाठ सुनेकडे, घोडियाची दोरी हातात. त्याचे कान कारखान्यातल्या यंत्रमागाच्या खडखडाटात गेले होते. मोठ्याने बोललेलं कळायचं, बाकी फारसं नाही. सुनेला हे कुणी सांगितलं नव्हतं. मागवाले मोठ्यानेच बोलतात, एवढंच तिला वाटायचं.

एका दुपारी तिने मोठ्याने हाक मारली, "आबा, मी जराशी पडू का? पोर रडनी त ऐकू येई ना तुम्हले?"

कितीतरी दिवसांनी तिने झोपेचं नाव काढलं होतं. मान न वळवता राघो म्हणाला, "येई, येई. तू झोप पोरी."

ती भिंतीकडे तोंड करून, मुलीपासून लांब, जमिनीवर आडवी झाली. राघो हलक्या हाताने दोरी ओढत राहिला. त्याला बरं वाटत होतं. समोरच्या घरातला बाबुराव हाताने काहीतरी खुणावत होता. रामराम करतोय असं वाटून राघोनेही हात वर केला.

इतक्यात दोरी हातातून हिसकावली गेली. त्याने वळून पाहिलं. नूतन उभी होती, ब्लाउज दुधाने भिजलेला. कडेवर मुलगी, लालबुंद, तोंड सताड उघडं.

"तुम्हले ऐकू येत नई, आबा?" ती ओरडली नाही. त्याला ते ओठांवरून वाचावं लागलं.

मुलीला काही झालं नव्हतं. भूक लागली होती, पिऊन झोपली. रात्री जेवताना राघो लेकाला म्हणाला, "उद्याच ने तिले त्या मनाच्या डॉक्टरकडे." योगेंद्र काहीतरी बोलला. तोंडात घास होता, ओठ नीट कळले नाहीत. सकाळी तो पाळीवर निघून गेला.

दुपारी राघो उंबऱ्यावर बसला तो आत तोंड करून. सुनेने पदर पुढे ओढला. त्याने दोरी ओढली नाही, बोटाला गुंडाळली. मुलीने पाय झाडला की बोटाला कळणार होतं.

"हे बघ, आते मले समजी. तू झोप."

"हां आबा," नूतन म्हणाली आणि भिंतीला पाठ लावून बसली. तिची नजर त्याच्या बोटावर होती. मुलगी शांत झोपली होती. बोट हलत नव्हतं, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.